देवळाच्या भिंतीचे मोल : स्मृतिकालापासून विम्यापर्यंत

आपल्या जालना जिल्ह्यात देवालयांच्या जीर्णोद्धाराची परंपरा फार जुनी आहे. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या स्थानाशी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव जोडलेले आहे, हे सर्वश्रुतच आहे. परंतु काळाने झिजलेले देऊळ पुन्हा उभारणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हातून मोडलेले भरून घेणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीलाही इतिहास आहे. त्याचा अल्पसा परामर्श येथे घेत आहोत.

दुसऱ्याची वस्तू जाणून वा नकळत मोडली, तर धन्याचे समाधान करावे व तेवढाच दंड राजाला द्यावा, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीत तर भिंतीचा वेगळाच विचार आहे. धक्का, भेग व मोडतोड यांसाठी पाच, दहा, वीस पण असा चढता दंड सांगून भिंत पुन्हा उभारण्याचा खर्चही देववला आहे. या स्मृतीवरील विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली. पुढे मराठेशाहीत पाटील, कुलकर्णी व बलुतेदार गोतसभेत बसत व निवाड्याचा महजर होई. मोडलेल्या लाकडाचे मोल सुताराइतके कोण जाणणार?

मोटारी आल्या आणि नुकसान करणारा परगावचा, अनोळखी झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. १९६९ च्या दुरुस्तीने त्यात मालमत्तेची हानीही आली. तिची मर्यादा दोन हजार रुपये होती, ती १९८२ साली सहा हजार झाली. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तीच ठेवली. पॉलिसीत जादा जोखीम घेतलेली नसेल, तर वरची रक्कम वाहनमालकाकडून मागावी लागे. मधल्या काळात, १९७३ साली, सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्था चार कंपन्यांत सामावल्या.

देव हा कायद्याने मालमत्ता धारण करणारी व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मान्य केले. देव स्वतः बोलत नाही. म्हणून त्याच्या वतीने दाद मागणे हे विश्वस्तांचे कर्तव्य ठरते.

उद्या रस्त्याकडेच्या ओट्याला वा कमानीला ट्रकचा धक्का बसला, तर वर्गणी मागण्याआधी वाहनाचा क्रमांक टिपावा, फोटो काढावेत, पोलिसांत वर्दी देऊन पंचनामा करवावा. वाहनमालकाला व त्याच्या विमा कंपनीला लेखी कळवावे. दोन-तीन गवंडी वा पाथरवटांकडून दगड, सिमेंट, मजुरी, पालख यांचे वेगवेगळे दर लिहिलेली अंदाजपत्रके सही-तारखेनिशी घ्यावीत. कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत टेकू द्यावा, पण पाडापाडी करू नये. आतली भेग तपासल्याशिवाय 'पूर्ण रक्कम पावली' अशी सही करू नये. भरपाईचा धनादेश देवस्थानच्याच नावे घ्यावा. तडजोड न झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत २०२२ पासून कायद्यात आली आहे, तेव्हा दिरंगाई नको.

या वास्तूत कोणाची मजुरी, कोणाचे धान्य, कोणाची पेन्शन आहे. दुसऱ्याने केलेल्या नुकसानीपायी त्याच दात्यांपुढे पुन्हा झोळी पसरणे योग्य नव्हे. दात्याच्या रुपयाचा असा सांभाळ हीदेखील देवाची सेवाच होय.