भंगारातील कीटकशिल्पे : जोडणीचा प्रश्न

टाकाऊ धातूच्या शिल्पांचा इतिहास मांडताना वस्तू कोणत्या वापरल्या, याचीच चर्चा अधिक होते. त्या जोडल्या कशा, हा प्रश्न मागे पडतो. पाब्लो पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट व हँडल जोडून बैलाचे मस्तक घडविले. पुढे त्याची ब्राँझमधील प्रतही ओतली गेली. तीत चामडे व धातू हा भेद उरला नाही. फ्रेंच शिल्पकार एदुआर मार्तिने (जन्म १९६३) यांनी भंगारातून कीटक घडविताना वेल्डिंग कटाक्षाने टाळले व सुटे भाग स्क्रूने जोडले. कीटकाचे कठीण कवच शरीराबाहेर असते, पाय सांध्यांचे असतात; (यंत्राशी हे साम्य विलक्षणच!) त्यामुळे सायकल-मोटारींचे भाग तेथे मूळ रूपातच शोभतात. मात्र वेल्डिंगने न जुळणारे भागही जुळविता येतात. स्क्रू वापरणाऱ्यास नेमका भाग हाती येईपर्यंत थांबावे लागते.