आरेचे दूध आणि डॉ. कमला सोहोनी (थ्रेड)

१/ आरे कॉलनी म्हटले की आज जंगल आणि मेट्रो कारशेड आठवते. १९४९ साली मात्र ही वसाहत उभी राहिली ती दुधासाठी. शहरातले म्हशींचे गोठे गोरेगावला हलवून मुंबईकरांना चांगले दूध पुरवावे, ही दारा खुरोडी यांची योजना. त्या दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी आरे प्रकल्पाला एका जीवरसायनशास्त्रज्ञ स्त्रीचा सल्ला लाभला होता.

२/ त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. जन्म इंदूरचा, १९११चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला.

३/ संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाईंनी त्यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह : पहिले वर्ष परीक्षेचे, रामन यांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये.

४/ अपमान गिळून त्यांनी अटी पत्करल्या. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले. १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झाले, आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

५/ पुढे केंब्रिज. हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे त्यांनी दाखवले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ मध्ये पीएच.डी.; ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात.

६/ त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. इथे कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरा किती उपयोगी, हे त्यांच्या संशोधनातून दिसले. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

७/ याच संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. बंगळूरच्या दारातला प्रश्न तीन दशकांनंतरही पुरता सुटलेला नव्हता.

८/ निवृत्तीनंतरही दूध-धान्याची काळजी सुटली नाही. कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या सदस्य. १९८२-८३ मध्ये अध्यक्ष. ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांत त्यांचे निधन झाले.

९/ बंगळूरला ज्या मुलीच्या कामाला आधी मान्यताच नव्हती, तिचा पहिला विषय दूध होता. तेच ज्ञान पुढे आरेच्या कामी आले.