न उच्चारलेले वाद्य

१९५४ सालच्या ‘नागिन’मधील बीन ही पुंगी नव्हती. कल्याणजींनी क्लेव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर आणि रवींनी हार्मोनियमवर ती वाजवली होती. आकाशवाणीने हार्मोनियमला १९४० पासून दूर ठेवले होते. १९५२ नंतर केसकरांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतेही तिथून जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणाऱ्या राज्यात असलेल्या परभणीला ती गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन लावावे लागे.

१९५७ मध्ये विविध भारती आली, पुढे परभणीला स्वतःचे आकाशवाणी केंद्रही मिळाले. निवेदनाची रीत ठरून गेली : चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार आणि फर्माईश करणाऱ्यांची नावे. वादक नि वाद्य यांना त्या यादीत सहसा जागा नसे. सेलूच्या श्रोत्याचे नाव हवेत जाई, सिंथेसायझर वाजवणाऱ्या चरणजित सिंगांचे नाही. १९८२ मध्ये त्यांनी भैरव, ललत यांसारखे राग यंत्रतालावर बांधून स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. तिची खरी दखल २०१० च्या पुनःप्रकाशनानंतर घेतली गेली.

निवेदन म्हणजे केवळ प्रस्तावना, असे आपण समजतो. आपल्याला वाटते, ते श्रवणाचे व्याकरणच असते : जे उच्चारले जात नाही, ते ऐकूनही ओळखता येत नाही. म्हणूनच आपण सारे इतकी वर्षे पुंगीच ऐकत राहिलो.