सिम्युलेशनमध्ये दोन डोमेन कसे जोडतात? गोसेखुर्दच्या दरवाज्यांवरून समजून घेऊया

पावसाळा आला की आमच्या भंडाऱ्यात व्हॉट्सॲपवर दोन आकडे फिरतात : कारधा पुलाजवळची पाणीपातळी आणि गोसेखुर्दच्या ३३ पैकी किती दरवाजे उघडले. पुराच्या सिम्युलेशनमध्ये हे दोन आकडे एकमेकांशी जोडावे लागतात. तो जोड म्हणजेच डोमेनमधली बाउंडरी कंडिशन.

नदीसाठी सेंट-व्हेनांची १८७१ सालची समीकरणं वापरतात. त्यात दोन गोष्टी शोधायच्या असतात, पाण्याची खोली आणि विसर्ग. पण धरणाच्या दरवाज्यात पाणी एकदम खाली पडतं, तिथे ही समीकरणं लागू होत नाहीत. म्हणून वैनगंगेचे दोन डोमेन करतात : भंडाऱ्याकडून धरणापर्यंत एक, आणि धरणाखाली गडचिरोलीकडे दुसरं.

आता जोडावर किती अटी लिहायच्या? १० मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण ९.९ मीटर वेगाने पळते. पाणी स्वतः २ मीटर वेगाने वाहत असेल तर बातमी खाली ११.९ ने जाते आणि वर ७.९ ने. हो, प्रवाहाच्या उलटसुद्धा! त्यामुळे इथे प्रत्येक डोमेनला प्रत्येक टोकाला एक अट लागते. जोडावर दोन टोकं भेटतात, म्हणून अटी दोन. पहिली सोपी आहे : वरून जितका विसर्ग गेला तितकाच खाली आला. दुसरी अट म्हणजे दरवाज्याचं सूत्र, जे विसर्ग आणि पातळी यांचं नातं सांगतं.

नवीन मुलं बहुतेक वेळा वरच्या डोमेनच्या टोकाला जलाशयाची पातळी फिक्स करून टाकतात. प्रोग्राम छान चालतो, ग्राफही देखणा येतो. पण मग दरवाजे बंद ठेवले तरी मॉडेलमध्ये जलाशय चढतच नाही आणि फुगवटा भंडाऱ्याकडे सरकत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शहरात पाणी शिरलं होतं. अशा पुरात फुगवट्याचा वाटा किती, हाच प्रश्न असेल तर पातळी फिक्स करणं म्हणजे पेपर सोडवण्याआधीच उत्तर लिहून ठेवणं.

नॉनलिनियरची खरी गंमत दरवाज्यात आहे. दरवाजा दोन्हीकडून बुडालेला असेल तर पातळीतला फरक चौपट झाल्यावर विसर्ग फक्त दुप्पट होतो. खालचं पाणी बरंच खाली असेल तर त्याची पातळी सूत्रात येतच नाही, फक्त वरची मोजायची. म्हणजे पूर चढताना सूत्रच बदलतं! म्हणून प्रत्येक टाइम स्टेपला अंदाज घ्यायचा, दोन्ही बाजू सोडवायच्या, आणि तफावत जवळजवळ शून्य होईपर्यंत न्यूटनच्या पद्धतीने अंदाज सुधारायचा. मागच्या स्टेपचाच आकडा वापरला तर काम लवकर होतं, पण स्टेप मोठी असेल तर जोडापाशी पातळी उगाच वर-खाली नाचायला लागते.

फोनवर पायथॉनचं ॲप असेल तर सरळ कालवा आणि एक दरवाजा एवढं मॉडेल नक्की करून बघा. दोन्ही डोमेनमधलं एकूण पाणी किती बदललं ते मोजा. आत आलेलं वजा बाहेर गेलेलं याच्याशी ते जुळत नसेल, तर सगळ्यात आधी जोडावरची पहिली अट तपासा.