रत्नागिरीचा किनारा आणि मोटारीचा गंजलेला उंबरठा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दळणवळणाचा इतिहास सामान्यतः बंदरे, घाट आणि पूल यांच्या आधारे सांगितला जातो. 1990 च्या दशकात कोकण रेल्वे येईपर्यंत येथील मालवाहतूक गलबते, आगबोटी आणि मोटारी यांवरच अवलंबून असल्याने हे स्वाभाविकच होय. परंतु ही साधने चालू स्थितीत कोणी व कशी राखली, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. पिकअप गाडीच्या दाराखालचा गंजलेला पत्रा बदलणे, हे वरकरणी क्षुद्र काम याच दृष्टीने विचारार्ह ठरते.

गाडीच्या दाराखाली दुमडलेल्या पत्र्याची एक पोकळ पेटी असते. तिला गाडीचा उंबरठा म्हणता येईल. चाकांनी उडविलेला चिखल तीत साचतो आणि पाणी जाण्याची छिद्रे बुजली की ओल दीर्घकाळ टिकते. केंब्रिज येथील यु. आर. इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात असे दाखविले की, ओल्या लोखंडाच्या ज्या भागास प्राणवायू कमी मिळतो, तोच भाग अधिक झिजतो. चिखलाखालचा पत्रा नेमका याच स्थितीत असतो. त्यात वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस, खारी हवा आणि मासळीच्या पेट्यांतून ठिबकणारे खारे पाणी यांची भर पडते. गंज आतून पसरतो. बाहेरचा रंग फुगेपर्यंत मालकास त्याचा पत्ता लागत नाही.

किनाऱ्यावरील लोकांना झीज नवी नव्हती. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारली जाई आणि नारळी पौर्णिमेपूर्वी कुजकी फळी बदलली जाई. मोटारीला मात्र अशी सक्तीची विश्रांती नाही. पाऊस सर्वांत अधिक असतो तेव्हाही ती रस्त्यावरच असते. जुन्या मालमोटारींचा लाकडी सांगाडा सुतार चासीवर बांधीत. त्यामुळे त्याची दुरुस्तीही सुताराच्या हाती राहिली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस आलेली जीप, आणि 1988 मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यातून बाहेर पडलेली टाटामोबाइल पिकअप, अशा वाहनांबरोबर कारखान्यात घडविलेल्या पोलादी पत्र्याचे महत्त्व वाढत गेले. दुरुस्ती सुताराकडून वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडे गेली.

या कामाचे खरे मर्म कापण्यात आहे. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटविल्यास दोहोंमध्ये ओल अडकते व रोग बळावतो. म्हणून दाराच्या फटी मोजून घेऊन, शाबूत लोखंड लागेपर्यंत जुना पत्रा काढावा लागतो. आतला थर तपासून नवा पत्रा बेतला जातो. तो उष्णतेने वाकू नये यासाठी जोड सलग न देता जागा बदलून थोडा थोडा दिला जातो. अखेरीस आतल्या पोकळीत गंजरोधक द्रव्य सोडून पाण्याची छिद्रे मोकळी ठेवावी लागतात. स्वतंत्र चासी असलेल्या पिकअपमध्ये मालाचा मुख्य भार चासीवर असतो. परंतु 1984 मध्ये आलेल्या मारुती व्हॅनसारख्या, स्वतंत्र चासी नसलेल्या गाडीत हाच उंबरठा भार वाहतो. तेथे हयगय झाल्यास प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वाहनाची रचना किनाऱ्यापासून दूर ठरते, पण तिच्या उणिवांची किंमत किनाऱ्यावरचा मालक मोजतो. गाडी उभी राहिली की त्याचा रोजगारही थांबतो. दुसरी गोष्ट इतिहासाच्या साधनांविषयी आहे. उत्तम दुरुस्ती स्वतःची खूण रंगाखाली पुसून टाकते. टिकून दिसते ती निकृष्ट दुरुस्ती. केवळ उपलब्ध वस्तू पाहून कारागिरीची पारख करणाऱ्या अभ्यासकाचा निष्कर्ष त्यामुळे कारागिरावर अन्याय करणारा ठरू शकतो. ज्यांच्या हातांनी जिल्ह्याची वाहतूक चालू ठेवली, त्यांचे ज्ञान त्यांच्याच तोंडून नोंदविणे हे म्हणूनच इतिहासलेखनाचे काम होय.