बेपत्ता विद्यार्थी आणि हौशी शोधकांचे तर्क

परभणी, पूर्णा, सेलू, गंगाखेड या स्थानकांवरून शिक्षणासाठी लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याची वाट धरणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. खोली करून राहणाऱ्या अशा एखाद्या मुलाचा मोबाइल एका रात्री लागेनासा होतो. मित्रांनाही ठावठिकाणा माहीत नसतो. गावाकडचे आई-वडील मिळेल त्या गाडीने निघतात आणि ते पोलिस ठाण्यात पोहोचण्यापूर्वीच मुलाचे छायाचित्र शेकडो मोबाइलवर फिरू लागलेले असते. पाठोपाठ तर्क सुरू होतात. प्रेमप्रकरण, परीक्षेतील अपयश, देणेकऱ्यांचा तगादा, खोलीतील जोडीदाराशी झालेले भांडण. पूर्वी अशी चर्चा पारावर किंवा चहाच्या टपरीवर होऊन विरून जात असे. इंटरनेटवर ती विरत नाही. ती साठते, तिच्या प्रती निघतात आणि ज्यांचे माणूस हरवले आहे, त्यांच्यापर्यंतही ती पोहोचते.

छायाचित्र पसरविणे आणि तर्क पसरविणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने हरवलेली व्यक्ती सापडू शकते. दुसरीने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत घडले.

प्रॉव्हिडन्समधील प्रकरण

ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरातून १६ मार्च २०१३ रोजी ब्राउन विद्यापीठाचा २२ वर्षांचा, भारतीय वंशाचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. कुटुंबीयांनी फेसबुकवर पान तयार करून त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि लोकांना शोधासाठी मदतीचे आवाहन केले. महिनाभराने, १५ एप्रिल रोजी, बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले. त्यांत तीन जण ठार आणि अडीचशेहून अधिक जखमी झाले. १८ एप्रिलला तपास यंत्रणा एफबीआयने दोन संशयितांची अस्पष्ट छायाचित्रे प्रसिद्ध केली. 'रेडिट' या संकेतस्थळावरील हौशी शोधकांना त्यांतील एक चेहरा या विद्यार्थ्यासारखा वाटला.

त्या रात्री पोलिसांच्या बिनतारी संदेशात त्याचे नाव ऐकल्याची आवई उठली. काही तासांत हजारो लोकांनी ते नाव पुढे पाठविले. त्यांत काही पत्रकारही होते. घरच्यांवर शिव्या-धमक्यांचा भडिमार झाला, तेव्हा त्यांनी शोधासाठीचे पान तात्पुरते बंद केले. पान बंद करणे हाच गुन्ह्याचा पुरावा, असा अर्थ लगेच काढण्यात आला. १९ एप्रिलच्या पहाटे खरे संशयित दोन सख्खे भाऊ असल्याचे स्पष्ट झाले. २२ एप्रिलला 'रेडिट'च्या व्यवस्थापकांनी जाहीर माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी प्रॉव्हिडन्समधील नदीत विद्यार्थ्याचा मृतदेह सापडला. बोस्टनमध्ये स्फोट झाले, त्याच्या आधीच तो हे जग सोडून गेला होता. घातपाताची कोणतीही खूण आढळली नाही.

हरवलेल्या मुलाचा शोध घेण्यासाठी आईवडिलांनी दिलेली छायाचित्रेच त्याला आरोपी ठरविण्यासाठी वापरली गेली, ही या प्रकरणातील सर्वांत क्रूर गोष्ट होय.

महाराष्ट्रातील अनुभव

पालघर जिल्ह्यातील बोईसर येथील वैद्यकीय शाखेची एक विद्यार्थिनी २९ नोव्हेंबर २०२१ रोजी परीक्षेसाठी मुंबईला म्हणून घरातून निघाली आणि परतलीच नाही. ती शेवटची वांद्र्याच्या बँडस्टँड परिसरात दिसली होती. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने तेथील एका जीवरक्षकाला अटक केली, ती जानेवारी २०२३ मध्ये. त्यावेळीही मृतदेह हाती आलेला नव्हता. नोंद झाल्यापासून अटकेपर्यंत तेरा महिन्यांहून अधिक काळ गेला. मोबाइलचे तपशील, सीसीटीव्हीचे चित्रण आणि साक्षीदारांचे जबाब यांची सांगड घालण्याचे काम असे संथ असते. तर्काला मात्र थांबायचे नसते. तपासातील प्रत्येक मोकळी जागा तो आपल्या मनाप्रमाणे भरून काढतो.

कधी या तर्काची किंमत जिवानेही मोजावी लागते. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा २०१८ मध्ये व्हॉट्सॲपवरून राज्यभर पसरल्या होत्या. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणाऱ्या या माणसांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली.

चित्रपट अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या जून २०२० मधील मृत्यूनंतर तर समाजमाध्यमांवर आणि दूरचित्रवाणीवर समांतर तपासच चालला. 'मीडिया ट्रायल'मुळे न्यायदानात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात बजावले. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये या प्रकरणी तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. मधल्या काळात ज्यांना खुनी ठरविले गेले, त्यांची झालेली बदनामी मात्र कोणत्याही अहवालाने पुसली जात नाही.

परभणीच्या मातेचा लढा

याचा अर्थ पोलिस सांगतील ते निमूटपणे मान्य करावे, असा नव्हे. त्याचे उदाहरण खुद्द परभणीतच आहे. २ डिसेंबर २००२ रोजी झालेल्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात परभणीचा २७ वर्षीय अभियंता ख्वाजा युनूस याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये त्याला औरंगाबादकडे नेत असताना वाहनाला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या आईचा त्यावर विश्वास बसला नाही. तो कोठेतरी दिसल्याच्या वावड्यांमागे न जाता कुटुंबाने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पळून जाण्याची कथा बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला आणि सचिन वाझे यांच्यासह चार पोलिसांवर खुनाचा व पुरावा नष्ट करण्याचा आरोप ठेवण्यात आला. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. परंतु अधिकृत कथेला पहिला तडा गेला, तो याचिका, सहआरोपीची साक्ष आणि शपथेवरील जबाब यांमुळे. शंका तीच होती. फरक एवढाच, की ती उत्तर देण्यास बांधील असलेल्यांपुढे मांडली गेली.

तपासाची रीत

हरवल्याची नोंद करण्यासाठी चोवीस तास थांबावे लागते, हा समज चुकीचा आहे. तसा कोणताही कायदा नाही. बेपत्ता व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर अपहरणाची किंवा तस्करीची शक्यता गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिला आहे. सज्ञान व्यक्तीची नोंद 'मिसिंग' म्हणून होते आणि घातपाताची खूण आढळल्यास गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा वाद न घालता कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. मुलगा पुण्यात आणि पालक जिंतूर किंवा पाथरीत, अशा स्थितीत ही तरतूद विशेष मोलाची ठरते.

पोलिस काही तपशील राखून ठेवतात, त्यामागेही कारण असते. केवळ गुन्हेगारालाच ठाऊक असलेली एखादी बाब कबुलीजबाबाची सत्यता तपासण्यास उपयोगी पडते. ती सर्वत्र छापली गेली, तर खोटा कबुलीजबाबही खरा भासू लागतो. साक्षीदाराने संशयिताचे छायाचित्र आधीच मोबाइलवर पाहिले असेल, तर ओळख परेडचे महत्त्व उरत नाही. ज्याच्यावर संशय आहे, तो सावध होतो. निरपराध मित्र घाबरून बोलायचे थांबतात, आणि नेमके तेच बहुधा शेवटचे साक्षीदार असतात.

मात्र पोलिसांचे संपूर्ण मौनही अफवांना खतपाणी घालते. इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात जानेवारी २०२३ मध्ये एक महिला नदीकाठी बेपत्ता झाली, तेव्हा हौशी शोधक चित्रीकरणासाठी थेट गावात घुसले. तिचा मृत्यू अपघाताने बुडून झाल्याचे पुढे न्यायालयीन चौकशीत ठरले. पोलिसांनी वेळेवर पुरेशी माहिती न दिल्याने निर्माण झालेली पोकळी तर्कांनी भरली, असे या प्रकरणाच्या स्वतंत्र आढाव्यात नमूद झाले. ठरावीक वेळी थोडक्यात पण खात्रीची माहिती देणे हाही तपासाचाच भाग आहे.

मदत कशी करावी

छायाचित्र पुढे पाठविताना त्यावर बेपत्ता झाल्याची तारीख, पोलिस ठाण्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आहे का, ते आधी पाहावे. कारणांविषयी काहीही जोडू नये. व्यक्ती सापडल्याचे कळताच तेही तितक्याच तत्परतेने कळवावे, अन्यथा जुने आवाहन वर्षानुवर्षे फिरत राहते. काही दिसले वा ऐकले असेल, तर ते ११२ क्रमांकावर किंवा संबंधित पोलिस ठाण्यात सांगावे. बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. आपल्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते त्वरित जपून ठेवावे आणि मूळ स्वरूपातच पोलिसांना द्यावे. मित्राचे, शिक्षकाचे किंवा घरमालकाचे नाव संशयित म्हणून जाहीर करू नये. तो बदनामीचा गुन्हा ठरू शकतो.

घरातील एक जागा रिकामी झालेली असते, तेव्हा त्या कुटुंबाला हवा असतो एखादा खरा धागा. तो ज्याच्या हाती असेल, त्याने तो पोलिसांच्या हाती द्यावा. ज्याच्या हाती नसेल, त्याने शांत राहणे हीदेखील मदतच आहे.