नाव कोणाचे, राबणे कोणाचे? 'वर्किन टुगेदर' आणि श्रेणीबद्ध विषमता

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास आपल्याकडे एका वाक्यात आटोपला जातो: काळ्यांनी घडवले, गोऱ्यांनी लुटले. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. लुटले गेलेल्यांच्या घरात काय चालले होते, हा प्रश्न त्यात येतच नाही. तो विचारण्यासाठी आम्ही एक अल्बम निवडला आहे. आयक आणि टीना टर्नर या नवरा-बायकोचा, १९७० च्या अखेरीस आलेला 'वर्किन टुगेदर'. नावाचा अर्थ, मिळून काम करताना.

आधी आयकची बाजू पाहू. १९३१ साली मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावी त्याचा जन्म झाला. १९५१ मध्ये त्याच्या 'किंग्ज ऑफ ऱ्हिदम' या बँडने मेम्फिसच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. रॉक अँड रोलच्या पहिल्या रेकॉर्डपैकी एक म्हणून आज अनेक अभ्यासक ते मोजतात. पण कंपनीने रेकॉर्डवर नाव छापले ते बँडमधला गायक जॅकी ब्रेन्स्टन याचे. रेकॉर्ड तुफान चालली आणि ज्याचा बँड होता त्याचे नावच त्यावर नव्हते. वयाच्या विशीत आयकला कळून चुकले की या धंद्यात नाव ज्याच्या हाती, कमाई त्याच्या हाती.

हा धडा त्याने कुठे वापरला? अ‍ॅना मे बुलक ही टेनेसी राज्यातल्या नटबुशची मुलगी. कापसाच्या शेतात लहानपणी राबलेली. १९६० साली तिच्या आवाजातले 'अ फूल इन लव्ह' बाजारात आले, तेव्हा आयकने तिला 'टीना टर्नर' हे नाव दिले आणि त्या नावावर स्वतःचा कायदेशीर हक्क ठेवला. ही गेली तर दुसरी कोणी टीना उभी करता यावी, असा हिशेब. लग्न झाले ते त्यानंतर, १९६२ मध्ये. म्हणजे बायको होण्याआधीच ती त्याची मालमत्ता झाली होती.

आता अल्बमकडे येऊ. १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन्स' या गोऱ्या बँडच्या अमेरिका दौऱ्यात दोघांनी सुरुवातीचे कार्यक्रम केले आणि रॉक ऐकणारा गोरा श्रोता त्यांच्याकडे वळला. 'वर्किन टुगेदर' मध्ये सोल आणि रॉक एकत्र नांदतात. बीटल्सची दोन गाणी आहेत. सर्वांत गाजले ते 'प्राउड मेरी'. जॉन फॉगर्टी या गोऱ्या संगीतकाराचे, शहरातली नोकरी सोडून नदीवर निघालेल्या कामगाराचे गाणे. टीना ते संथ सुरू करते, मध्येच वेग वाढवते आणि गाणे अक्षरशः उसळते. १९७१ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले, पुढे ग्रॅमीही मिळाले. गोऱ्यांनी काळ्यांची गाणी उचलून नाव कमावण्याच्या त्या काळात एका काळ्या स्त्रीने गोऱ्याचे गाणे असे आपले केले की आज लोक ते तिच्याच नावाने ओळखतात.

पण 'मिळून' कोण काम करत होते? गळा तिचा, रोज रात्री रंगमंचावर घाम तिचा. पैसा, करार आणि नाव त्याचे. घरी मारहाण होती, हे तिने १९८६ च्या आत्मचरित्रात सविस्तर सांगितले. आयकने हात उगारल्याचे नंतर मान्य केले, पण वर्णने अतिरंजित असल्याचे तो म्हणत राहिला.

जुलै १९७६ मध्ये डॅलस शहरातल्या हॉटेलमधून ती पळाली, तेव्हा खिशात ३६ सेंट होते. १९७८ साली घटस्फोट झाला. बहुतेक मालमत्तेवरचा दावा तिने सोडला, पण 'टीना टर्नर' हे नाव सोडले नाही. ज्या नावाने तिला बांधले होते, तेच तिने मागून घेतले. त्याच नावावर १९८४ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, 'प्रायव्हेट डान्सर' आला आणि तिने जग जिंकले.

आता आमचा मुद्दा. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिची ताकद अशी की वरच्याची लाथ खाणाऱ्यालाही लाथ मारायला खाली कोणीतरी मिळते. वंश आणि जात एक नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ज्याचे नाव पुसले गेले त्यानेच बायकोच्या नावाची मालकी घ्यावी, हे समजून घ्यायला याहून नेमका शब्द आमच्याकडे नाही.

टीना पुढे निचिरेन बौद्ध झाली. तो मंत्रजपाचा पंथ, आमचा धम्म नव्हे. त्यामुळे तिला उगाच 'आपली' म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. शिकायचे आहे ते वेगळेच. चळवळीत काम करताना आम्ही वारंवार ऐकतो: "घरातले बाहेर काढू नका, समाजाची बदनामी होते." ताईंनी स्वयंपाक करायचा, सतरंज्या उचलायच्या, मोर्चात पुढे चालायचे आणि पत्रकावर नावे भाऊंची. हेही 'मिळून काम'च म्हणवले जाते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या, हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेऊन आम्हाला हे गप्प बसून पाहता येणार नाही.

आयकवर झालेला अन्याय खरा होता. तेवढ्याने त्याने केलेला अन्याय माफ होत नाही. दोन्ही एकाच दमात सांगणे, यालाच आम्ही इतिहास म्हणतो.

जय भीम!